दारावरचं नाव

पडद्यावर स्वतःचा फोटो दिसला तेव्हा तिला आधी खटकले ते आपले केस. फोटो जुना होता, कंपनीच्या ओळखपत्रावरचा. तो ओढूनताणून भिंतीएवढा केला होता, आणि त्यात एका बाजूचे केस कानामागे गेलेले होते आणि दुसऱ्या बाजूचे नव्हते. सभागृह जवळजवळ रिकामं होतं. उद्याच्या समारंभाची तालीम चालली होती. दिवे लावणारा माणूस शिडीवर चढलेला होता, खुर्च्यांना पांढऱ्या खोळी घालणाऱ्या बायका मागच्या रांगांतून पुढे पुढे सरकत होत्या, आणि फिल्मवाला, म्हणजे कंपनीच्या जाहिराती आणि माहितीपट करून देणारा तो सडपातळ, अतिनम्र तरुण, आपल्या यंत्रामागे वाकून उभा होता. फोटो हळूहळू विरला आणि काचपेटीत झोपलेलं एक मूल दिसायला लागलं. कुणाचंही मूल. मग एका बाईचा मऊ, ओलसर आवाज म्हणाला, की आमच्या एका सहकारी भगिनीनं आपली पहिली मुलगी गमावली, आणि त्या दुःखातूनच हा उपक्रम जन्माला आला. आणि मग त्या आवाजानं मुलीचं नाव सांगितलं.

ते नाव तिनं यापूर्वी ऐकलेलं नव्हतं. म्हणजे नाव म्हणून ऐकलं होतं, चारचौघींच्या मुलींचं असतं तसं. पण आपल्या मुलीचं म्हणून नाही. दोन अक्षरी, गोड, जोडाक्षर नसलेलं नाव. जगात कुठल्याही जिभेला सहज उच्चारता येईल असं. तिच्या मुलीला नाव नव्हतंच. नाव ठेवायच्या आत सगळं आटोपलं होतं.

"मॅडम, आवाज पुरेसा आहे ना? की थोडा वाढवू?" फिल्मवाल्यानं विचारलं.

"नको," ती म्हणाली. "ठीक आहे."

आणि खरंच ठीक होतं. तिला नंतर विचित्र वाटत राहिलं ते हेच. घराबाहेर पडल्यावर माणूस किल्ली घेतली का म्हणून खिसे चाचपतो तसं तिनं स्वतःला आतून चाचपून पाहिलं. घसा, छाती, पोट. कुठं काही हललं नव्हतं. डोळे कोरडे होते. पाय सरळ पडत होते. ती पहिल्या रांगेपाशी गेली, परदेशी मंत्र्यांच्या खुर्चीवरची चिठ्ठी वाकडी लागली होती ती सरळ केली, आणि खोळी घालणाऱ्या बाईला म्हणाली, "इथली खोळ जरा मळकी दिसतेय, बदलता का?" ती बाई पडद्याकडं बघत होती. तिनं पडद्यावरची बाई आणि समोरची बाई ताडून पाहिली, आणि खोळ बदलताना उगाचच हळू, आजाऱ्याच्या खोलीत वावरावं तसं वावरू लागली. तेव्हा मात्र तिला वाटलं, की इथून आता बाहेर पडावं.

ऑफिसात तिच्या विभागाला सगळे पुण्यखातं म्हणत. दारावरच्या पाटीवर लांबलचक काहीतरी होतं, समाज, बांधिलकी आणि आंतरराष्ट्रीय हे तीनही शब्द असलेलं. पण चहावाल्यापासून सगळ्यांच्या तोंडी पुण्यखातंच. कंपनी दवाखान्यांत लागणारी यंत्रं बनवायची, त्यात मुख्य म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीच्या काचपेट्या. आणि पुण्यखातं त्या पेट्या एका दूरच्या, गरीब देशात फुकट वाटायचं. यात लपवाछपवी अशी काही नव्हती. पेट्या जुन्या पद्धतीच्या होत्या, इथं त्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. एकदा त्या तिकडच्या दवाखान्यांत जाऊन बसल्या, तिकडच्या नर्सांचे हात त्यांवर बसले, की पुढं सगळ्या देशासाठी नव्या पेट्या घेताना तिकडचं सरकार दुसरीकडं कशाला जाईल? शिवाय पेटीला हवेचे फिल्टर लागतात, ते बदलत राहावे लागतात, आणि ते फक्त कंपनीच बनवते. विक्री विभागातला तिचा एक गोलमटोल सहकारी जेवणाच्या टेबलावर म्हणायचा, "बाई, तुम्ही वाटा, मी विकतो. तुमच्या पुण्यावर माझं पोट चाललंय." सगळे हसत. तीही हसायची. या सगळ्यात तिला कधी काही खुपलं नव्हतं. थंडीनं काकडणाऱ्या पोराला ऊब मिळते, कंपनीला बाजार मिळतो, तिला पगार मिळतो. कुणाचं काय जातंय? एखाद्या गोष्टीत सगळ्यांचाच फायदा असला की ती वाईट कशी म्हणायची, असा साधा सरळ विचार तिनं केव्हातरी करून टाकला होता आणि मग त्याच्याकडं पुन्हा वळून पाहिलं नव्हतं, जसं आपण एखादं कपाट नीट लावून बंद करतो आणि मग उघडतच नाही.

सभागृहाचा जिना उतरताना तिला ती पेटी आठवली. कंपनीची नव्हे, दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीची, त्या दवाखान्यातली. पेटीला हात घालायला दोन गोल झरोके होते, त्यांना रबराच्या कडा होत्या, आणि हात घातला की त्या कडा मनगटाला गच्च धरायच्या. तिला आपल्या मुलीचा चेहरा आता आठवत नसे. मनगटावरची ती पकड मात्र आठवे. ती स्वतः तेव्हा खालच्या मजल्यावर होती, टाके होते, ताप होता. मुलगी असेपर्यंत वर फक्त दोनदा जाता आलं. मुलीच्या पायाला एक पट्टी बांधलेली होती आणि त्यावर तिचं, म्हणजे आईचं नाव लिहून पुढं 'ची मुलगी' असं लिहिलेलं होतं. तिसऱ्यांदा वर जायची वेळ आली तेव्हा पेटीत दुसरंच बाळ होतं. नर्स म्हणाली होती, "ताई, पेट्या कमी आहेत हो." जणू माफी मागत होती. आणि ती त्या नर्सला म्हणाली होती, "असू दे." घरी आल्यावर सगळे समजावणीच्या चार गोष्टी बोलून गेले, आई महिनाभर राहून गेली, सासूबाईंनी पाळण्यासाठी आणलेलं कापड कुणाला न दिसेल असं कुठंतरी ठेवून दिलं. दुसरं मूल झालं नाही. होऊ दिलं नाही की झालं नाही, हे तिनं आणि नवऱ्यानं कधी एकमेकांत स्पष्ट केलं नाही.

ही गोष्ट साहेबांना कशी कळली, हे तिला नीट माहीत होतं. तिनंच सांगितली होती. तेव्हा ती हिशेब विभागात होती आणि दिवसभर दुसऱ्यांच्या प्रवासखर्चाच्या पावत्या तपासून तिला जीव नकोसा झाला होता. पुण्यखातं नव्यानं निघत होतं. साहेबांनी तिला आपल्या केबिनमध्ये बोलावून विचारलं, "तुम्हाला इथं का यायचंय? माणसं बरीच आहेत." साहेब तसा सज्जन माणूस, समोरच्याला आधी खुर्ची आणि मग पाणी देणारा. ते पेन खाली ठेवून 'बघू, कळवतो' असं म्हणण्याच्या बेतात होते. ते तिला दिसलं होतं. आणि मग ती बोलली. पेटी, पट्टी, नर्स. साहेबांनी चष्मा काढून पुसला होता. आज जिन्याच्या मधल्या वळणावर उभं राहून ती आठवू लागली, की ते बोलण्याआधी आपल्या मनात नेमकं काय होतं? बोलावंसं वाटलं म्हणून बोललो, की साहेबांनी पेन खाली ठेवायला घेतलं म्हणून? तिनं खूप ताण दिला, पण आठवायच्या जागी नुसतं पांढरं होतं, खोळ घातलेल्या खुर्चीसारखं. खालून कुणीतरी पाण्याच्या बाटल्यांची खोकी घेऊन वर येत होतं. तिला भिंतीला चिकटून वाट द्यावी लागली.

साहेब केबिनमध्येच होते. उद्याच्या भाषणाचा कागद हातात घेऊन, ओठ हलवत, आरशासमोर पाठ करत होते.

"साहेब, फिल्म पाहिली मी."

"या, या. बसा. कशी वाटली?" मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि कागद खाली ठेवला. "मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. खरंच सांगायला हवं होतं. राहून गेलं."

"नाव कुणी घातलं त्यात?"

"नाव? ते फिल्मवाल्यांचं सुचवणं. त्यांनी चार-पाच काढून दाखवली होती. मी म्हटलं, त्यातल्या त्यात हे बरं." ते थांबले. "दुखावलं का तुम्हाला?"

तिला खरं उत्तर द्यायचं होतं, म्हणून तिनं पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "पण तिचं नाव ते नव्हतं."

"अहो, लोकांना कारण लागतं, मॅडम. कंपनीला बाजार हवाय म्हणून पेट्या दिल्या, असं मी स्टेजवर सांगू का? सांगितलं तर ते खोटं ठरणार नाही. पण तेवढंच सांगितलं तर ते तरी खरं ठरेल का? तुमचं दुःख खरं आहे. त्या पेट्यांत मुलं जगतात तेही खरं आहे. मध्ये एक नाव टाकलं." ते कळवळून बोलत होते आणि तो कळवळा खोटा नव्हता, हे तिला कळत होतं. "तुम्ही म्हणत असाल तर फिल्ममधून काढून टाकतो. आत्ता सांगतो. पण तिकडं दारावर आहे ते. वॉर्डाच्या. तिकडं तर कधीपासून आहे. नावं काढली होती ती तेव्हाच, वॉर्ड उघडताना."

"दारावर?"

"वॉर्डाला काहीतरी नाव द्यावं लागतं ना," साहेब म्हणाले.

तिकडून समारंभासाठी आलेली पाहुणी म्हणजे त्याच वॉर्डाची मुख्य नर्स. कंपनीच्या अतिथिगृहात उतरली होती आणि तिला संध्याकाळी शहर दाखवायचं काम पुण्यखात्याकडंच, म्हणजे हिच्याकडंच होतं. मोठ्या सिस्टर असं तिला सगळे म्हणत. दोघींचीही नसलेल्या एका तिसऱ्याच भाषेत दोघी बोलायच्या, त्यामुळे बोलणं लहान मुलांच्या बोलण्यासारखं उघडंवाघडं व्हायचं. सिस्टर उंच, हाडापेरानं मजबूत, गालावर एक जुना व्रण असलेली बाई होती. शहर बघण्यात तिला काडीचाही रस नव्हता. तिनं येताना एक भलीमोठी रिकामी बॅग आणली होती आणि ती तिला भरायची होती. "उंच इमारती आमच्याकडं फोटोत आहेत," ती म्हणाली. "मला चपलांचं दुकान दाखव. स्वस्त. माझ्या सुनेचा पाय माझ्याएवढाच आहे आणि तोंड माझ्यापेक्षा मोठं."

दुकानात सिस्टर बाकावर ऐसपैस बसली आणि एकामागून एक चपला पायात घालून पाहू लागली. मधेच तिनं हिचा हात धरला, जोरात, आणि म्हणाली, "तू तिची आई. मला वाटलं होतं, तू म्हातारी असशील."

सिस्टरच्या हाताला साबणाचा आणि प्रवासाचा वास होता.

"उद्या मी आभार मानणार आहे," सिस्टर चपलेचा पट्टा ओढत म्हणाली. "छान मानीन. मला सवय आहे. पण तुला सांगते, पेट्या बंद आहेत. एक-दोन चालतात, बाकी बंद. फिल्टर संपले. नवे घ्यायचे तर आमच्या दवाखान्याचं अख्ख्या वर्षाचं औषध त्यात जातं. चालतात त्या पेट्यांत आम्ही दोन-दोन मुलं ठेवतो. उलटसुलट, याचं डोकं त्याच्या पायाशी. बंद पेट्यांवर रंगीत कापडं टाकून ठेवलीत. तुमचे लोक फोटो काढायला येतात तेव्हा त्यांना वाटतं, आत मुलं झोपलीत. हळू बोलतात बिचारे." ती हसली. मोठ्यांदा हसली, दुकानदारानं मान वळवली.

"मी विक्री विभागाशी बोलेन," ती म्हणाली. पुढं काय होईल ते बोलतानाच तिला दिसत होतं. गोलमटोल सहकारी मान डोलावणार, 'बघू या, बाई' म्हणणार. फिल्टर फुकट दिले तर मग विकायचं काय?

"त्यांच्याशी बोलू नकोस. ते हुशार आहेत. तुम्ही पेट्या का दिल्यात ते मला ठाऊक आहे, आमच्या मंत्र्यालाही ठाऊक आहे, त्याला तर माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. त्यात माझं काही म्हणणं नाही. तू असं कर, उद्या तू बोल. सगळ्यांसमोर. तू तुझ्या मुलीचं नाव घेऊन माग. मेलेल्या मुलीच्या आईला चार माणसांत नाही कोण म्हणेल?"

तेव्हा ती म्हणाली, "तिचं नाव ते नव्हतंच."

सिस्टरच्या हातात एक चप्पल होती, ती तशीच राहिली. "मग काय होतं?"

"काहीच नव्हतं."

दुकानात एक लहान मूल नव्या बुटांनी थपाथपा चालून दाखवत होतं आणि त्याचे वडील 'चावतो का? चावतो का?' विचारत होते. "हे उद्या बोलू नकोस," सिस्टर शेवटी म्हणाली. "आमच्याकडं त्या नावाच्या पुष्कळ मुली झाल्यात. आया येतात, दार बघतात, नाव ठेवतात. त्यांना वाटतं, या नावानं एकदा मरून झालंय. आता त्या नावाला पुन्हा कुणी मागायला येणार नाही." मग तिनं चप्पल पालथी करून तळ पाहिला. "याच्यात तपकिरी रंग आहे का विचार."

घरी नवरा स्वयंपाकघरातल्या कपाटाची सैल झालेली मूठ बसवत होता. तो शहराच्या सांडपाण्याच्या नळांचे नकाशे काढायचा. माणूस मुळातच अबोल, आणि जमिनीखालच्या गोष्टींशी आयुष्य काढून आणखी अबोल झालेला. तो स्क्रू तोंडात धरून होता, म्हणून ती थांबली. स्क्रू तोंडातून निघाला तेव्हा तिनं तोंड उघडलं. तिला सांगायचं होतं, की उद्या पडद्यावर आपली मुलगी दाखवणार आहेत, ती आपली नाही, आणि तिला नाव आहे, तेही आपलं नाही. ती म्हणाली, "उद्या पांढरा शर्ट घाल. निळा कॉलरला विरलाय." तो म्हणाला, "बरं." मग त्यानं मूठ ओढून बघितली, दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. दोघं जेवली. गादीवर पडल्यावर तिला वाटलं, झोप येणार नाही. पण झोप आली, गाढ आली, आणि सकाळी उठल्यावर त्या झोपेचीच तिला लाज वाटली.

समारंभ चांगला झाला. असं पुढं कंपनीच्या अंकात छापून आलं, आणि ते बरोबरच होतं. साहेब छान बोलले. फिल्म लागली तेव्हा ती स्टेजवर बाजूच्या खुर्चीत होती, त्यामुळे पडदा तिला तिरपा दिसत होता आणि लोक सरळ दिसत होते. नाव उच्चारलं गेलं तेव्हा लोकांच्या चेहऱ्यांवरून काहीतरी सरकत गेलं, वाऱ्यानं गवत एका बाजूला वाकावं तसं. तिनं नवऱ्याला शोधलं. तो चौथ्या की पाचव्या रांगेत होता, पांढऱ्या शर्टात. त्याचा चेहरा वाकला नव्हता. तो पडद्याकडं बघत नव्हता, तिच्याकडंही नाही. समोरच्या खुर्चीच्या खोळीकडं बघत होता. मग सिस्टरनं आभार मानले, आणि खरोखर छान मानले, मध्येच गळा दाटून आल्यासारखं थांबून. आणि मग निवेदकानं हिचं नाव घेतलं. तिनं फक्त दोन शब्द बोलायचे होते, धन्यवाद अशा अर्थाचे.

माइक तिच्या उंचीच्या मानानं वर होता. फिल्मवाला धावत आला, तो खाली केला. तेवढ्या वेळात तिनं काही ठरवलं असेल असं नाही. सिस्टर तिच्याकडं बघत होती, आणि सिस्टरच्या पायात त्या तपकिरी चपला होत्या. सुनेसाठी घेतलेल्या. ती बोलायला लागली तेव्हा तिला आपला आवाज ओळखू आला नाही, तो मऊ होता, ओलसर होता, फिल्ममधल्या बाईच्या आवाजाच्या जवळचा. तिनं सांगितलं, की तिकडच्या पेट्या थंड पडल्या आहेत, फिल्टर नाहीत. आणि मग ती म्हणाली, "माझ्या मुलीच्या नावाचं दार उघडलं, की आतली एकही पेटी थंड असू नये." 'माझ्या मुलीच्या' असं ती म्हणाली नव्हती, तिनं ते नाव घेतलं होतं. दोन अक्षरी. ते जिभेवरून अगदी अलगद निघालं, कुठं अडकलं नाही.

क्षणभर कुणी टाळी वाजवली नाही आणि मग सगळ्यांनी वाजवली. साहेब उठले. साहेबांना ही मागणी ठाऊक नव्हती, पण ते मुरलेले गृहस्थ होते. त्यांनी दुसरा माइक हातात घेतला आणि तिथल्या तिथं जाहीर केलं, की या वॉर्डाला लागणारे सगळे फिल्टर यापुढं कंपनी देईल, कायमचे, विनामूल्य. मंत्री उठून उभे राहिले. विक्री विभागातला गोलमटोल सहकारी चक्क डोळे पुसत होता आणि ते पाणी खरं होतं, कारण पुसूनही त्याचा चष्मा पुन्हा पुन्हा धूसर होत होता. जेवणाच्या वेळी साहेबांनी तिला बाजूला घेतलं. "मॅडम, मंत्र्यांनी सगळ्या जिल्ह्यांसाठी पेट्या घ्यायला होकार दिला. आम्ही किती दिवस डोकं आपटत होतो त्यांच्यापुढं! तुम्ही एका वाक्यात काम केलंत."

"जिल्ह्यांना फिल्टर?"

"ते विकत. साहजिक आहे." त्यांनी तिच्या खांद्याला हलकेच हात लावला. "पण तुमचा वॉर्ड कायमचा फुकट. मी शब्द दिलाय."

सिस्टरनं तिला मिठी मारली, हाडं दुखतील अशी. "आता रड," ती कानात म्हणाली. "आता रडलीस तरी चालेल." तिनं प्रयत्न करून पाहिला. सिस्टरच्या खांद्यावरून तिला समोर पाण्याचे ग्लास मांडलेले दिसत होते, प्रत्येकावर कागदी झाकण.

घरी जाताना गाडी नवरा चालवत होता. पुढं रस्ता खणलेला होता, एकाच बाजूनं वाहनं सोडत होते. तो खड्ड्याकडं सवयीनं वाकून बघत होता. खाली उघडा पडलेला मोठा काळा नळ होता. मग त्यानं विचारलं, "नाव कुणी ठेवलं?"

"कंपनीनं."

"हं."

समोरच्या माणसानं हिरवं निशाण हलवलं. गाडी चालू करता करता नवरा म्हणाला, "मी तिला एक म्हणायचो."

तिला आधी कळलंच नाही. "काय म्हणायचास?"

"तू खाली होतीस. मी वर जायचो ना. ती नर्स मला हात आत घालू द्यायची. आता हात आत घातला की काहीतरी म्हणावं लागतं. गप्प उभं राहता येत नाही. मग मी म्हणायचो." तो रस्त्याकडं बघून बोलत होता. "शेवटीशेवटी वळायची ती. मान नाही, डोळे. किंवा मला वाटायचं तसं."

आणि त्यानं नाव सांगितलं. जुनं नाव होतं, जरा जड, मधे जोडाक्षर असलेलं, हल्ली कुणी ठेवत नाही असं. त्याच्या आजीबिजीचं असेल म्हणून तिनं मनातल्या मनात नातेवाईक आठवून पाहिले. त्या नावाचं कुणी नव्हतं. त्याला ते कुठून सुचलं, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं, पण विचारलं ते दुसरंच. "मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू घरी आल्यावर म्हणाली होतीस, नाव ठेवलं नाही तेच बरं झालं. हाक मारायची सवय लागली नाही." त्यानं गिअर बदलला. "मग मी काय सांगणार?"

आपण असं म्हणालो होतो, हे तिला आठवत नव्हतं. पण ते आपल्यासारखंच होतं, हे तिला पटलं. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाहेर दुकानांची दारं ओढून घेत होते, एक माणूस कुत्र्याला दरडावत होता, सगळं जसंच्या तसं होतं, आणि ती ते नाव मनात एकदा म्हणून पाहत होती. मनातसुद्धा ते नीट जमत नव्हतं. जोडाक्षरापाशी थांबावं लागत होतं.

फिल्टर खरोखरच गेले. शब्दाला साहेब पक्के. सिस्टरचा फोन आला, आवाज मधूनमधून तुटत होता, पण तिनं पेट्यांवरची कापडं काढली आहेत आणि त्या कापडांचे तिच्या नातवाला सदरे शिवलेत, एवढं समजलं. पेट्या सगळ्या चालू आहेत. मुलं एकेकटी झोपतात. इकडून ती म्हणाली, "छान झालं," आणि तिला ते छान वाटलंही, लांबून, दुसऱ्या खोलीत कुणीतरी दिवा लावावा आणि दाराच्या फटीतून उजेड यावा तसं. ऑफिसात लोक आता तिच्याशी हळू बोलत. चहावाला तिचा कप आधी आणून ठेवी. पुण्यखातं म्हणायचं मात्र सगळ्यांनी बंद केलं होतं, निदान तिच्यासमोर. तिला त्या थट्टेची आठवण यायची.

मग फिल्मवाल्याचा निरोप आला. समारंभातलं तिचं बोलणं घालून फिल्म नव्यानं करायची होती, आणखी दोन देशांत पाठवायची होती. पण नेमक्या त्या वाक्यावर माइक खरखरला होता. तेवढं एक वाक्य पुन्हा बोलून द्याल का?

ध्वनिमुद्रणाची खोली लहान होती, भिंतींना राखाडी गाद्या लावलेल्या. आत आवाज असा मुळी उरतच नव्हता. आपण बोललेलं तोंडातून निघताच भिंती पिऊन टाकत होत्या. काचेपलीकडं फिल्मवाला कानांना यंत्र लावून बसला होता. "मॅडम, घाई नाही. मनाला येईल तेव्हा," त्याचा आवाज तिच्या कानात आला. ती बोलली. "छान. फक्त थोडं सपाट झालं," तो म्हणाला. "पुन्हा घेऊ या." ती पुन्हा बोलली. तो थोडा विचार करून म्हणाला, "मॅडम, मला बोलायचा अधिकार नाही, पण... कुणाला तरी सांगतोय असं म्हणून बघा. समोर कुणीतरी आहे असं."

तिनं माइककडं पाहिलं. त्याला काळं, मऊ टोपडं घातलेलं होतं. तिनं हात पुढं केला आणि त्याला धरलं, का ते तिला कळलं नाही, आणि ती तिसऱ्यांदा ते वाक्य म्हणाली. नावापाशी आवाज अडखळला. फुटला. तिच्या छातीत काहीतरी हललं, जड, अवजड, जाग्यावरून सरकवावं तसं, आणि वाक्य पुरं होईपर्यंत तिला श्वास पुरला नाही. काचेपलीकडं फिल्मवाला दोन्ही हात वर करून उभा राहिला होता. मग तो हळूहळू खाली बसला, पुढचं वाक्य बोलावं की नाही अशा पेचात.

"मॅडम, अप्रतिम. याला तोड नाही. फक्त..." तो घुटमळला. "नाव वेगळं आलं."

"हो का?" ती म्हणाली.

"जोडाक्षराचं काहीतरी आलं. मी ऐकवू?"

"नको."

ती पाणी प्यायली. मग तिनं बरोबर नाव घेऊन ते वाक्य पुन्हा म्हणून दिलं, स्पष्ट, एका दमात. या वेळी आवाज जराही हलला नाही. फिल्मवाल्यानं दोन्ही पुन्हा ऐकली, डोळे मिटून, मान हलवत. मग त्यानं कानावरचं यंत्र काढलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "काळजी करू नका. आवाज आधीच्यातला ठेवतो, आणि नाव या दुसऱ्यातलं कापून तिथं बसवतो. कळणारसुद्धा नाही कुणाला."

"चालेल," ती म्हणाली, आणि आपली पर्स शोधू लागली.